हॅसलब्लाड ५००सी/एम: बॉडी एक, लेन्स तीन, माणसं तीन

आमच्या तिघांत मिळून एक हॅसलब्लाड कॅमेरा आहे. बॉडी सामाईक, लेन्स ज्याची त्याची. माझ्याकडे ८० मिलिमीटरची प्लानार, मित्राकडे १५० ची सोनार आणि मैत्रिणीकडे ५० ची डिस्टागॉन. चार वर्षांत आमची खरी नावं मागेच पडली. "पन्नासला विचार, कॅमेरा तिच्याकडे आहे," "दीडशे आज उशिरा येणार," असं आमचं बोलणं चालतं. मी ऐंशी. माझं जन्मसालही तेच, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

नियम एकच. १२० च्या रोलवर बारा फ्रेम येतात, प्रत्येकाच्या वाट्याला चार. रोल मी घरी धुते, काँटॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या निगेटिव्हचा त्याच मापाचा एक छापा, काढते, आणि मग तिघं टेबलाभोवती बसून एकच भिंग आळीपाळीने डोळ्याला लावतो. आजवर एकेचाळीस रोल झाले, म्हणजे ४९२ फ्रेम. त्यातल्या भिंतीवर लावण्याजोग्या किती, ते मोजलेलं नाही, मोजायची हिंमतही नाही. पण एवढ्या शीट बघून तिन्ही लेन्सबद्दल माझी काही मतं पक्की झाली आहेत. बाकी दोघांची वेगळी आहेत. त्यांनी त्यांची लिहावीत.

बॉडीचं आधी उरकून टाकते. आमच्या बॉडीच्या नंबराची सुरुवात 'यूआर' या अक्षरांनी होते. कंपनीने साल ओळखायला दहा अक्षरांची एक किल्ली ठरवली होती, 'व्हीएचपिक्चर्स'. व्ही म्हणजे १, एच म्हणजे २, असं मोजत जायचं, शेवटचा एस म्हणजे शून्य. यू सातवा, आर आठवा, म्हणून आमचा कॅमेरा १९७८ चा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि माझ्याहून कमी कुरकुरतो. ५००सी हे मूळ मॉडेल १९५७ चं, सी/एम १९७० चं. फोकस बघायची काच आपली आपल्याला बदलता येऊ लागली, ही त्यातली मुख्य सुधारणा. "चंद्रावर गेला होता तो हाच का?" असं निम्मे लोक विचारतात. १९६९ साली अपोलो ११ बरोबर गेला तो याचा मोटरवाला भाऊ, ६० मिलिमीटरची बायोगॉन लावलेला. आमचा हाताने कान पिळायचा.

ना बॅटरी, ना उजेड मोजायचं मीटर. मॅगझिन, म्हणजे मागचा रोलचा डबा, आणि ८० ची लेन्स धरून वजन दीड किलोच्या आसपास. शटर बॉडीत नाही, प्रत्येक लेन्सच्या पोटात आहे. एका सेकंदापासून १/५०० पर्यंत, त्यापुढे नाही. त्याचा फायदा असा की फ्लॅश कुठल्याही वेगाला जुळतो. तोटा असा की लख्ख उन्हात ४०० आयएसओचा, म्हणजे थोड्या उजेडात चालणारा रोल भरलेला असला तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेडाचं भोक, एफ १६ पेक्षा मोठं करायला वावच उरत नाही (आकडा लहान तसं भोक मोठं), मागचं धूसर करायची हौस असेल तर घरी ठेवून यायची. कळ दाबली की आत बरंच काही घडतं. उघडी असलेली लेन्स आधी मिटते, अ‍ॅपर्चर ठरलेल्या आकड्याला येतं, आरसा वर जातो, मागची दोन दारं उघडतात, आणि मग शटर आपलं काम करतं. हे सगळं एका 'खळ्-धप्प' मध्ये. आरसा खाली येत नाही. बाजूची, रोल पुढे सरकवायची चावी एक पूर्ण फेरा फिरवेपर्यंत वरच्या काचेत अंधार. नवख्याला वाटतं कॅमेरा मेला.

मीडियम फॉरमॅट, म्हणजे एवढी मोठी निगेटिव्ह, कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर स्केलपट्टीने द्यायचं तर असं: निगेटिव्ह साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटर. नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या फ्रेमपेक्षा क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. भिंतीसाठी २८ सेंटीमीटरचा चौकोनी प्रिंट काढायचा तर हॅसलब्लाडची निगेटिव्ह पाचपट वाढवावी लागते. ३५ मिलिमीटरच्या फ्रेममधून तोच चौकोन कापून काढायचा तर जवळजवळ बारापट. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे माझं लक्ष बारकाव्यापेक्षा छटेकडे जातं. गालावरून कानाकडे उजेड कसा उतरतो, पांढऱ्या भिंतीचा पांढरा कोपऱ्यात कधी राखाडी होतो, तिथे हा पाच आणि बाराचा फरक दिसतो. फिल्मचा दाणा मध्ये येत नाही. पेन्सिलची शेड बोटाने पुसून घ्यावी तशी छटा उतरते. फोनवर मात्र यातलं काहीही दिसत नाही. मी निगेटिव्ह २४०० डीपीआयला स्कॅन करते, एका बाजूला ५३०० पिक्सेल मिळतात, आणि ती फाइल कुणाला पाठवली की समोरून एक अंगठा येतो. फोनच्या पडद्यावर तिन्ही लेन्स बहिणी-बहिणी वाटतात.

आता लेन्स.

ऐंशीबद्दल पहिली दोन वर्षं माझं मत वाईट होतं. चौकोनाचा कर्ण ७९ मिलिमीटर, लेन्स ८० ची. म्हणजे अगदी मधली, ना रुंद ना लांब. कॅमेऱ्याबरोबर बहुतेकांना हीच मिळायची, म्हणून तिला कोणी भाव देत नाही. टेबलावर शीट आली की दोघं दीडशेच्या चौकटींवर तुटून पडायचे: "काय लेन्स आहे!" माझ्या चौकटींवर प्रश्न यायचे: "ही बाई कोण?" "हा जिना कुठला?" मला ते हिणवल्यासारखं वाटायचं. लेन्स विकून दुसरी दीडशे घ्यावी असं मनात होतं. कळायला वेळ लागला की लोक माझा फोटो बघत होते आणि त्याची लेन्स.

आता कामाचं. पूर्ण उघडी, म्हणजे एफ २.८ ला, ही लेन्स थोडी हळवी आहे. कोपरे सैल, काळ्या-पांढऱ्यातला ताण कमी. म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्याला आणि खिडकीच्या उजेडाला ते शोभतं, पण झाडीसमोर उभं केलेल्या माणसाच्या मागे पानांची गर्दी जराशी वळवळते. एफ ५.६ ते ८ ला ती एकदम शिस्तीत येते, कडेपासून कडेपर्यंत. आमच्या तिन्ही लेन्स जुन्या 'सी' प्रकारातल्या आहेत, अ‍ॅपर्चरला पाच पाती. त्यामुळे एफ ५.६ ला मागचे दिवे गोल न राहता पंचकोनी होतात. कोणाला ते आवडत नाही. मला चालतं, निदान तो दिवा आहे हे लपत नाही.

या 'सी' लेन्सची एक खोड आहे, जिला मी पहिला महिनाभर शिव्या घातल्या. शटर आणि अ‍ॅपर्चरची कडी एकमेकांना बांधलेली असतात. एक फिरवलं की दुसरं बरोबर फिरतं. मीटरने उजेडाचा आकडा १३ सांगितला की कड्यावर १३ लावायचं. मग एफ ८ ला १/१२५, किंवा एफ ५.६ ला १/२५०, किंवा एफ ११ ला १/६०. उजेड तोच, जोड्या आपोआप बदलत राहतात. एकटंच कडं हलवायचं तर छोटी पट्टी दाबून सोडवावं लागतं. आता दुसरा कुठला कॅमेरा हातात घेतला की दोन कडी सुटी फिरतात आणि मला कुणीतरी लग्न मोडल्यासारखं वाटतं.

दीडशेवाली सोनार. जर्मन लोक 'झोनार' म्हणतात हे आम्हाला ठाऊक आहे, पण आमच्या तोंडी ती पहिल्या दिवसापासून सोनारच, आणि दीडशे स्वतः तिला 'सोनारीण' म्हणतो. पाच भिंगं, तीन गट, एफ ४. तिघींत सर्वांत चोख बनलेली हीच, हे मी माझी असूया बाजूला ठेवून लिहिते. पूर्ण उघडी असताना सुद्धा धारदार. ३५ मिलिमीटरच्या हिशोबात कर्ण धरून मोजलं तर ८२ च्या आसपास, म्हणजे चेहऱ्यासाठीच जन्मलेली. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. पण दीड मीटरच्या आत ती जेमतेम येते, फोकस १.४ मीटरपासून सुरू. त्या अंतरावर चौकटीत अर्ध्या मीटरहून कमी रुंदी मावते: डोकं, खांदे, बस्स. नुसता चेहरा हवा तर लेन्स आणि बॉडीच्या मध्ये ट्यूब घालावी लागते. त्या ट्यूबची कथा पुढे. आणखी एक: आमच्या बॉडीचा आरसा आखूड आहे, त्यामुळे लांब लेन्सला वरच्या काचेत दृश्याची वरची कडा किंचित काळवंडते. फिल्मवर त्यातलं काही येत नाही. पहिल्यांदा दिसलं तेव्हा दीडशेने घाबरून अख्खा रोल उजळ घेतला होता.

आता आत्याचा फोटो, कारण एवढ्या वर्षांचा वाद त्या एका सकाळी टेबलावर आला.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होती, चष्मा नाकाच्या टोकावर, पेन्सिल कानामागे. रोल एचपी५, आयएसओ ४००. मीटरने ९ दाखवलं. म्हणजे दीडशेला एफ ४ वर १/३०, आणि एवढ्या लांब लेन्सला १/३० हातात धरून जमत नाही. त्याने ट्रायपॉड लावला, दीड मीटरवर उभा राहिला, वर उघडणाऱ्या भिंगात डोळा घालून दोन मिनिटं फोकस केला. "आत्या, हलू नका हं. श्वाससुद्धा सावकाश." आत्या शहाण्या मुलीसारखी बसली. चार फ्रेम.

मग माझी पाळी. एफ २.८, १/६०, कॅमेरा पोटाशी धरून, ९० सेंटीमीटरवर. याहून जवळ ऐंशी फोकसच करत नाही. या कॅमेऱ्यात वरून बघायचं असतं, आणि उजवं-डावं उलटं दिसतं. माणूस उजवीकडे झुकला की काचेत डावीकडे जातो. त्याच्यामागे जायला कॅमेरा जिकडे न्यावासा वाटतो त्याच्या बरोबर उलट न्यावा लागतो. चार वर्षांनी डोक्याला कळतं, हाताला अजून कळत नाही.

"अगं, मान खाली घालून काय शोधतेस? पडलं का काही?"

"तुलाच बघतेय."

"मग वर बघ की." आणि लगेच, कोड्यातून मान न काढता: "'हट्टी'साठी चार अक्षरी शब्द सांग. शेवटी र."

"हेकेखोर."

तिने पेन्सिल कानामागून काढली, पुढे वाकली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हसली. तो शब्द कोड्यासाठी होता की तिच्यासाठी, हे तिला विचारायचं होतं. मी कळ दाबली.

९० सेंटीमीटरवर एफ २.८ ला जे स्पष्ट येतं त्याची जाडी चारेक सेंटीमीटर. आत्या पुढे वाकली ती त्याहून जास्त. शीटवर भिंग ठेवल्यावर दिसलं: डोळे मऊ, हसू मऊ, आणि कानाची पाळी अशी काही टोकदार की तिच्यावरची लव मोजावी. दीडशे म्हणाला, "कान टोचायचं काम सोनाराचं. तुझ्या प्लानारने कधीपासून घेतलं?" दिवसभर हसत होता.

त्याच्या चारही फ्रेम निर्दोष. पापणीचा केस न् केस, चष्म्याच्या काचेत खिडकीची चौकट, ओठांवरच्या बारीक उभ्या रेघा. त्याने १.४ मीटरच्या जवळपास एफ ४ ला घेतले होते, आणि गंमत म्हणजे तिथेही स्पष्टतेची जाडी तेवढीच येते, चारच सेंटीमीटर. फरक एवढाच की त्याची आत्या हलली नव्हती. पन्नासने दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले. दीडशेच्या प्रिंटकडे बोट दाखवून म्हणाली, "काय लेन्स आहे!" माझ्याकडे वळून म्हणाली, "कशाला हसतायत आत्या?" मला वाटलं, जिंकले.

प्रिंट आत्याला नेऊन दाखवले. माझा हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "यात दात कशाला दिसतायत माझे? आणि धुरकट आहे." मग दीडशेचा. "हा छान. सगळं स्वच्छ दिसतंय. हाच ठेवते." फ्रेमही करून घेतली. माझा प्रिंट माझ्याकडेच आहे. फोकस चुकलेला प्रिंट मी सहसा फाडून टाकते. हा कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

पन्नासबद्दल मी थोडक्यात लिहिणार होते, कारण ती लेन्स मला झेपत नाही. पण तिच्याच नादात मी माझी सर्वांत मोठी चूक केली, म्हणून सांगते. आरशाला जागा सोडावी लागते म्हणून रुंद लेन्स फिल्मच्या जवळ नेता येत नाही, आणि डिस्टागॉनची रचना त्यासाठीच उलट्या दुर्बिणीसारखी केलेली असते. म्हणून समोरची काच बशीएवढी. चौकटीत दिवा आला की त्या काचेतून पंचकोनांची माळ उतरते. एफ ४ ला, अर्ध्या मीटरवर फोकस केला तर कोपरे ओघळतात. पुढच्या काळात याच लेन्सच्या नव्या आवृत्तीत जवळच्या अंतरासाठी भिंगांचा एक गट वेगळा फिरवायची सोय आली, ती उगाच नाही. पण थांबून, एफ ११ ते १६ ला, कॅमेरा पाणसळीने सरळ करून वापरली तर तिघींत सर्वांत जास्त सांगणारी हीच. कॅमेरा एक अंश वर झुकला की खांब पडायला लागतात, आणि चौकोनी चौकटीत पडणारा खांब आडव्या चौकटीपेक्षा जास्त डोळ्यात खुपतो. सरळ असेल तर मात्र खोली खोलीसारखी दिसते. रुंद लेन्सने काढलेली खोली बहुतेक वेळा बोगद्यासारखी दिसते, तसं होत नाही.

पन्नास एका सुताराच्या कामाच्या खोलीत गेली होती, मी मदतनीस. पुढे बाकावर रंधा, त्याच्या तोंडातून निघालेली लाकडाची लांब गुंडाळी, मागे चार मीटरवर हत्यारं टांगलेली भिंत. दोन्ही स्पष्ट हवं होतं. 'सी' लेन्सवर दोन लाल खुणा असतात, अ‍ॅपर्चर फिरवलं की त्या आपोआप पसरतात किंवा जवळ येतात, आणि कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते थेट अंतराच्या आकड्यांवर दाखवतात. याहून सोपी सोय मी आजवर कुठल्याच कॅमेऱ्यात पाहिलेली नाही. एफ १६, फोकस अडीच मीटरवर, म्हणजे सव्वा मीटरपासून मागचं सगळं आत. रंधा सव्वा मीटरवर. उजेडाचं मीटर म्हणालं ८. म्हणून एक सेकंद. ती पडदा धरून उभी राहिली, कळ मी दाबायची.

मी "एक" म्हटलं आणि बोट उचललं.

वर लिहिलंय, बॉडीत मागे दोन दारं असतात. ती कळ दाबलेली असेपर्यंतच उघडी राहतात. बोट उचललं की बंद, मग लेन्समधलं शटर उघडं असलं तरी. माझं "एक" घाईचं होतं. निगेटिव्ह एवढी पातळ आली की रंधा शोधायला टॉर्च लागली. आणि ती तिच्या चारांतली शेवटची फ्रेम होती. पुढच्या रोलमधली माझी एक फ्रेम तिला दिली, तेव्हा कुठे टेबलावर परत बोलणं सुरू झालं. दुसऱ्यांदा तिने स्वतः दाबली, मनात चार आकडे मोजले, दारं 'टप्' वाजल्यावरच कॅमेऱ्यापासून दूर झाली. तो रंध्याचा फोटो आमच्या ४९२ मधला सर्वोत्तम आहे. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

ट्यूबची कथा. दीडशेच्या लेन्सला जवळ जायला मध्ये ट्यूब लावतात, आणि ती आधी बॉडीला लावायची, मग लेन्स ट्यूबला. काढताना आधी लेन्स, मग ट्यूब. मी घाईत दोन्ही एकत्र ओढून काढलं. या कॅमेऱ्यात बॉडी आणि लेन्स दोन्ही चावी भरलेल्या अवस्थेत असतील तरच एकमेकांना जुळतात. एक भरलेली, एक सुटलेली असली की अडकतं: कळ दबत नाही, चावी फिरत नाही, लेन्स निघत नाही. शांतपणे बसायचं आणि जोर करायचा नाही, एवढंच आपल्या हातात. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी मॅगझिन काढलं, मागची दारं उघडली, लांब बारीक स्क्रू-ड्रायव्हर आत घातला, खाचेत बसवला आणि घड्याळाच्या दिशेने वळवला. टक्. दहा सेकंद. "अहो, एवढंच?" मी म्हटलं. "एवढंच. पण एका काचेला ओरखडा न काढता. तुम्ही करू नका." मी अर्थातच पुढच्या वेळी स्वतः केलं. ओरखडा आला नाही, घाम आला.

लेन्सच्या बाजूला एम, एक्स, व्ही अशी पट्टी असते. एक्स फ्लॅशसाठी, एम जुन्या फ्लॅशबल्बसाठी, व्ही म्हणजे सेल्फ टायमर. पट्टी एक्सवर ठेवा आणि व्हीला विसरा. पन्नास वर्षांच्या लेन्समध्ये त्याची दातेरी चाकं सुकलेली असू शकतात, आणि मध्येच थांबली तर सगळंच थांबतं.

घ्यायची असेल तर कोणती? पहिली आणि एकच घ्यायची असेल तर ऐंशी. ती बहुधा बॉडीबरोबरच आलेली असते, आणि तुम्ही तिला कंटाळाल, आणि नंतर कधीतरी शीटवर तुमच्याच फोटोतल्या माणसाबद्दल कुणी काही विचारेल. चेहरेच करायचे असतील आणि समोरचा माणूस हलत नसेल तर दीडशे, डोळे मिटून. पन्नास तेव्हाच घ्या जेव्हा ट्रायपॉड उचलायची तयारी असेल. मी दीडशेचा नाद सोडला आहे. दीडशेने मात्र गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांचे फोटो काढायला माझी ऐंशी मागून नेली, चार फ्रेमसाठी म्हणून, आणि आख्खा रोल संपवून आणला. अजून धुवायचाय.

जुनं घेताना काय बघायचं ते सांगते, कारण आम्हा तिघांचंही काही ना काही बघायचं राहून गेलं. लेन्स उजेडासमोर धरून मागून टॉर्च मारा. बुरशी धाग्यांसारखी दिसते. माझी पहिली प्लानार ज्याच्याकडून घेतली त्याने "आतली धूळ" म्हणून दाखवलं ते धूळ नव्हतं, जाळं होतं. परत करायला तीन आठवडे लागले. एक सेकंदाचा वेग लावून ऐका, 'झर्रर्र' असा सलग आवाज यायला हवा, मध्ये अडखळला तर साफसफाई लागणार. मॅगझिन काढून कळ दाबून धरा आणि मागची दोन दारं एकदम उघडतात का बघा, मग बोट सोडल्यावर दोन्ही एकदम मिटतात का तेही बघा. डार्क स्लाइड, म्हणजे मॅगझिनमधल्या फिल्मपुढे सरकवायचा पत्रा, जिथे आत जाते त्या फटीतलं सील जुनं असेल तर तिथून उजेड शिरतो आणि फ्रेमच्या एका कडेला पांढरी ठिणगी येते. आमच्या पहिल्या सहा रोलवर ती आहे, आम्ही तिला कितीतरी दिवस सूर्य समजत होतो. स्लाइड आहे का ते बघा, आणि काढल्यावर कुठे ठेवणार ते ठरवा. माझी शर्टाच्या खिशात राहून एकदा कपड्यांबरोबर धुऊन निघाली. स्लाइड आत असताना कळ दबतच नाही, तेव्हा फोटो फुकट जाणार नाही. मॅगझिन मात्र स्लाइडशिवाय निघत नाही.

आणि मॅगझिनच्या कवचावर एक नंबर असतो, आतल्या चौकटीवर त्याचे शेवटचे तीन आकडे. दोन्ही जुळायला हवेत, कारण कारखान्यात ते जोडीने बसवलेले असतात. आमचे जुळत नाहीत. कवच ४१७, आतली चौकट ०८२. त्यामुळे सातव्या आणि आठव्या फ्रेममध्ये जेमतेम केसाएवढी फट राहते, कधी तीही नाही. शीट कापताना त्या दोन चौकटी आम्ही कापतच नाही. सातवी पन्नासची असते आणि आठवी माझी.